काळ्या पट्टीवरचं पांढरं

"गाडी पीठ चाळायला बसली होती का?" चहाचा कप पोर्चच्या कठड्यावर ठेवत हिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

विचारायला कारण होतं. आदल्या दिवशी दुपारभर खपून मी गाडीला पॉलिश केलं होतं. लाल रंग असा उठून आला होता की समोरच्या शेवग्याच्या शेंगा बॉनेटमध्ये बघून मोजाव्यात. पण गाडीच्या कमरेखालून जी काळी प्लास्टिकची पट्टी फिरते, दारांच्या तळाशी, चाकांच्या कमानींवरून, पुढच्या-मागच्या बंपरपर्यंत, तिच्यावर पांढरे फराटे उमटले होते. रात्री ओलसर होतं तेव्हा काही दिसलं नाही. सकाळी उन्हाची तिरीप पोर्चमध्ये शिरली आणि माझी दुपारची मेहनत सगळ्या गल्लीला वाचता येईल अशी उघडी पडली.

पॉलिशच्या डब्यावर बारीक अक्षरांत सूचना होती, प्लास्टिकच्या भागांना लावू नये. ती मी चहा पिता पिता वाचली. पस्तीस वर्षं बारावीच्या पोरांना "आधी लेबल वाचा, मग बाटली उघडा" असं ओरडून सांगणाऱ्या केमिस्ट्रीच्या मास्तरानं.

ही गाडी २०१३ च्या दसऱ्याला घेतलेली. आता विकायची, कारण डावा गुडघा क्लचला नाही म्हणतो आणि मुलगा म्हणतो, बाबा, ऑटोमॅटिक घ्या नाहीतर रिक्षानं फिरा. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, तासगावकडचं. हातात तीन दिवस. इंजिन ठणठणीत, टायर दोन वर्षांचे, कागदपत्रं फायलीत. डाग गाडीच्या तब्येतीचे नव्हतेच, नुसते दिसण्याचे. पण इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी शाळेत कुंपणाची भिंत रंगवतात, वर्गातला गळका कौलारू कोपरा तसाच ठेवून. त्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सवयी सहज सुटत नाहीत.

मला गंमत वाटत होती ती वेगळीच. लाल पत्रा आणि काळी पट्टी, दोघांना मी एकाच डब्यातलं एकच पॉलिश लावलं होतं. पत्र्यावर त्याची चमक झाली आणि पट्टीवर डाग. म्हणजे हा डाग बाहेरून कुठून आला नव्हता. चिखलाचा नाही, पाखराचा नाही. चमक आणायला गेलो तीच सांडली होती.

कारण तसं साधं आहे. पत्र्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक लेप असतो. त्यावरून फडकं फिरवलं की जादा पॉलिश निघून येतं. पट्टी असते पॉलिप्रॉपिलीनची. झीग्लर आणि नाट्टा यांना १९६३ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्याच कामातून हे प्लास्टिक कारखान्यांत पोचलं. दरवर्षी मी हे वाक्य फळ्यावर लिहायचो आणि दोन मार्कांचा प्रश्न म्हणून पुढे जायचो. घरात बादलीपासून गाडीपर्यंत तेच वापरतोय हे डोक्यात यायचं नाही. गाडीवरच्या पट्टीला मुद्दाम खरखरीत करतात. साच्याच्या पोलादावरच बारीक कातडीसारखी नक्षी कोरलेली असते, म्हणजे ओरखडे आणि साच्याचे वण झाकले जातात. नातीच्या भिंगातून पाहिलं तर सह्याद्रीचा नकाशा. टेकड्या, दऱ्या, घळी. पॉलिशमध्ये मेण असतं, तेल असतं आणि घासायला म्हणून अगदी बारीक पूड असते. पातळ भाग उडून जातो, पूड आणि मेण दरीत बसतं. फडकं डोंगरमाथ्यावरून जातं, खाली उतरत नाही.

हे कळायला मला भिंग नको होतं खरं तर. मी फळा पुसलाय. जुन्या शाळेतला खरखरीत सिमेंटचा फळा डस्टरनं पुसला की राखाडी होतो, ओल्या फडक्यानं पुसला की काळाभोर होतो आणि दहा मिनिटांनी वाळला की कालच्या तासाचं समीकरण पुन्हा अंधूक उमटतं. ओलं असताना पांढरं दिसत नाही, एवढंच. गेलेलं नसतं. पट्टीचंही तेच. पाणी मारलं, डाग गायब. मी खूश. हिला हाक मारली. ही हात पुसत बाहेर येईपर्यंत डाग परत.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी म्हणाले, खोबरेल तेल लावा. लावलं. पाण्याची फसवणूक दहा मिनिटांची, तेलाची अर्ध्या दिवसाची. नंतर तेलावर गल्लीतली सगळी धूळ येऊन बसली आणि पट्टी पांढरीची खाकी झाली. न्यू जर्सीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, पीनट बटर लावा, इकडे लोक तेच लावतात." हसलो, पण त्यात तथ्य आहे. दाण्याच्या तेलात मेण सैल होतं, वाटलेला दाणा हलकेच घासतो. समानात समान विरघळतं, हा आमच्या धंद्यातला पहिला मंत्र. मी स्वयंपाकघराकडे बघतोय हे दिसताच आतून आवाज आला, "कुटाच्या डब्याला हात लावाल तर बघा." दाण्याचा कूट गाडीला लावल्यावर सांगलीच्या मुंग्या काय करतील, हा विचार मलाही आलाच होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीनं बसल्या जागेवरून निदान केलं, "थिनर मारतो सर, दोन मिन्टात जातंय." मी नको म्हटलं. पट्टीचं कदाचित काही बिघडलं नसतं, पॉलिप्रॉपिलीन थिनरला सहसा दाद देत नाही. पण तिच्यापासून अर्ध्या बोटावर रंग होता, आणि रंग देतो. त्याचा दुसरा उपाय गरम हवेच्या पिस्तुलाचा. प्लास्टिक तापवलं की पृष्ठभाग सैल होतो, पुन्हा काळा दिसतो. जरा जास्त वेळ धरलं तर टेकड्या वितळून तेवढाच भाग चकचकीत होतो, आणि तो डाग मग ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. मी त्याला नमस्कार करून परत आलो.

उपाय शेवटी नातीच्या कंपासपेटीत निघाला. दिवाळीच्या सुट्टीत विसरून गेलेली पेटी, त्यात पांढरं खोडरबर. कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेलं आठवलं. पाट घेतला, त्यावर गुडघा टेकला, उजव्या दाराखालची चार बोटं जागा धरली आणि शाईच्या वहीवर खाडाखोड करावी तसं हळूहळू घासायला लागलो. रबराचे राखाडी शेवयांसारखे तुकडे पडू लागले. त्या तुकड्यांना मेण आणि पूड चिकटून येत होती. रबर मऊ, दरीत दबून शिरतं; फडक्याला जे जमत नाही ते त्याला जमतं. मग कोमट पाण्यात थोडा साबण, जुना टूथब्रश, गोल गोल फिरवत. शेवटी जुन्या बनियनचा तुकडा. वाळेपर्यंत थांबलो. वाळल्यावरही काळंच. एका दाराला एक तास लागला. पस्तीस वर्षांत मी एवढ्या मनापासून काही खोडलं नव्हतं.

पुढच्या बंपरशी आलो तेव्हा वर्ग परत भरला. तिथं जाळीच्या बाजूच्या काळ्या भागावर यंदाच्या दसऱ्याचं हळद-कुंकू होतं. झेंडूचं तोरण दुसऱ्या दिवशी निघालं, हळद राहिली. साबणाचा ब्रश लागला आणि पिवळा ठिपका लालबुंद झाला. ही मागं उभी होती, दचकली. "अहो, कुंकू कुठून आलं?" मी म्हटलं, हळदीतूनच. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. प्रयोगशाळेत हळदीत बुडवलेला कागद आम्ही त्यासाठीच ठेवायचो. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच करत. ही तीस वर्षं हळदीकुंकवाला जाते आणि दोन्ही वाट्या एकाच झाडाच्या, हे मी तिला गाडीच्या बंपरवर शिकवलं. लिंबाचा थेंब सोडला, लाल परत पिवळं झालं. एवढ्यासाठी तरी ती पाच मिनिटं थांबली.

हळद घासून जात नाही, घासली की पसरते. तिला ऊन खातं. आमच्या आईचे लग्नकार्यातले पदर धुऊन दोन दिवस उन्हात पडले की पिवळे डाग आपोआप उडायचे. सांगलीत हे सांगायला केमिस्ट्री लागत नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद अंधारात ठेवत, किडीशिवाय आणि रंग न उतरता. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं. मी गाडीचं तोंड पूर्वेला करून ठेवलं आणि हळद सूर्यावर सोपवली. कुंकवाचं मात्र जमलं नाही. हल्लीच्या कुंकवात हळद कुठली असायला, नुसता रंग. त्याला साबण, लिंबू, ऊन कशाचंच वावडं नाही. ते फिकट गुलाबी होऊन राहिलं.

डांबराचे ठिपके गोडेतेलाचा बोळा पाच मिनिटं दाबून ठेवला की सुटतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी दुपारी मी जिंकलो असं वाटत असतानाच लक्षात आलं की काही पांढरं खोडरबराला जुमानत नाहीये. तेव्हा कळलं, पांढरं एक नाही. खालच्या बाजूला गोल गोल कडा असलेले ठिपके होते, ते बोअरच्या पाण्याचे. आमच्याकडचं पाणी इतकं जड की किटलीत दर महिन्याला खडूचा थर निघतो. गाडीवरचा थेंब उडून जातो, त्यातला चुना मागं राहतो. त्यावर लिंबाची फोड चोळली. कान जवळ नेला तर अगदी बारीक फसफस. चुन्यावर आम्ल पडल्याची ती फसफस मी हजार वेळा परीक्षानळीत दाखवली होती, ऐकली पहिल्यांदाच. लगेच पाण्यानं धुऊन काढलं.

आणि तिसरं पांढरं. डावी बाजू, जिच्यावर संध्याकाळचं ऊन तिरकं येतं, तिथली पट्टी सरसकट राखाडी होती. खोडरबर, लिंबू, साबण, काही नाही. हे वर बसलेलं काही नव्हतंच. या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, शेकडा दोन-तीन भाग. ती काळा रंग देते आणि ऊन स्वतः झेलून प्लास्टिकला वाचवते. तरी दहा-बारा वर्षांच्या उन्हात वरच्या थरातल्या साखळ्या तुटतात, थर भुसभुशीत होतो, फिका पडतो. तिथं काढण्यासारखं काही नसतं. काहीतरी गेलेलं असतं. बाकीच्या दोन पांढऱ्यांच्या शेजारी बसून हे तिसरं त्यांच्यासारखंच दिसत होतं. ओळखायची रीत एकच. आधी खोडरबर, मग लिंबू. दोन्हींना जे बधत नाही ते वय.

चौथ्याबद्दल मी आत्तापर्यंत लिहायचं टाळलं.

पट्टीच्या मधोमध, चारही बाजूंनी, एकाच उंचीवर एक बोटभर रुंदीची मातकट रेघ होती. ऑगस्ट २०१९ ची. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. रात्रीतून आमच्या रस्त्यावर पाणी आलं, आम्ही ट्रॅक्टरवर बसून मिरजेला बहिणीकडे गेलो आणि गाडी पोर्चमध्येच राहिली. पोर्च जरा उंचावर. पाणी घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि थांबलं. गाडीच्या आत आलं नाही. परत आलो तेव्हा चाकं गाळात रुतलेली, पण गालिचा कोरडा. चाकं, ब्रेक, सगळं उघडून साफ केलं. पट्टीवरची रेघ धुतली, पण तो गाळ पिठाहून बारीक, दऱ्यांत जाऊन बसलेला. अंधूक रेघ राहिली. सहा वर्षं तिच्याकडे लक्ष द्यायचं काही कारण नव्हतं.

पोर्चच्या खांबावरही तीच रेघ आहे. पुरानंतर घर रंगवलं तेव्हा रंगारी ती झाकायला निघाला होता. मीच म्हटलं, तेवढं सोड. नंतर त्याच्याकडूनच ऑइलपेंटनं तिच्यावर बारीक निळी रेघ ओढून घेतली आणि शेजारी तारीख घातली. गावभागात कितीतरी भिंतींवर अशा रेघा दिसतील. पाहुणे आले की आम्ही दाखवतो. इथपर्यंत आलं होतं, असं अभिमानानं सांगतो. जणू आम्हीच आणलं होतं.

भिंतीवरची रेघ तारीख घालून जपणारा मी शनिवारी सकाळी टूथब्रश घेऊन गाडीवरची तीच रेघ खरवडत होतो. विचारलं तर सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. न विचारलं तर काय, हे ठरवलेलं नव्हतं. रेघ निघाली. कोमट पाणी, साबण आणि चार तासांनी. संध्याकाळी मोह आणखी वाढला. तिसऱ्या पांढऱ्यावर इलाज नव्हता म्हणून दुकानातून प्लास्टिक काळं करायचं सिलिकॉनवालं द्रावण आणलं आणि सगळी पट्टी एकसारखी माखली. वय, ऊन, पूर, दसरा, सगळं एका काळ्या रंगात गेलं. रात्री पोर्चच्या दिव्यात गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसत होती. मी दोनदा उठून बघून आलो.

रविवारी दहाला ते आले. पस्तिशीचा गडी, द्राक्षबागायतदार, सोबत कुणी मित्र. चहा नको म्हणाला, आधी गाडी. बॉनेट उघडायच्या आधी त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या दाराशी थांबला.

"सर, पट्टी लई काळी दिसतीया."

"पुसली जरा."

"बारा वर्सांची गाडी आन पट्टी काल बसवल्यागत." त्यानं बोट फिरवलं, बोटाला सिलिकॉन लागलं. "काय झाकलंय का काय?"

मी काही बोलायच्या आत तो कामाला लागला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि आतला भाग बघितला. गालिचा उचलून वास घेतला. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात मोबाइलचा उजेड मारला. सीटखालचे बोल्ट बघितले, गंज नव्हता. तरी समाधान होईना. मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, कमानीच्या आत हात घातला आणि पट्टीच्या मागच्या वळलेल्या कडेवरून बोट ओढलं. माझा टूथब्रश तिथं पोचला नव्हता. बोटावर राखाडी पिठासारखा थर आला. त्यानं तो अंगठ्यानं चोळला. कृष्णाकाठच्या माणसाला तो काय आहे हे सांगावं लागत नाही.

"एकोणीसचा?"

"हो. पण आत आलं नव्हतं."

"सगळेच असं म्हंत्यात, सर."

खरं होतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. जे होतं ते मी काल चार तास बसून काढलं होतं. गाडीच्या अंगावर रेघ असती तर तिनं सांगितलं असतं, पाणी इथवर, दाराच्या रबराच्या खाली. आता पट्टी गुळगुळीत काळी आणि मी निवृत्त मास्तर, बोलण्याशिवाय काही हातात नसलेला.

"खांबावर रेघ आहे," मी म्हटलं.

त्यानं मान वळवून खांबाकडे बघितलं. उठला, खांबाशी गेला, निळ्या रेघेवरची तारीख वाचली. मग फरशीवर हात टेकवून रेघेपर्यंत मोजलं. एक वीत आणि चार बोटं. "गाडी हितंच उभी हुती?" मी जागा दाखवली; फरशीवर तेलाचा जुना डाग आहे, तिथंच. त्यानं मित्राला खांबाशी बसवलं आणि रेघेला डोळा लावून गाडीकडे बघायला सांगितलं. स्वतः गाडीशी बसून पट्टीखाली फरशीवर वीत टेकवली, चार बोटं वर धरली. वर दाराचं रबर होतं, तिथून अजून दोन बोटं. मित्र म्हणाला, "सरळ हाय. खालीच ऱ्हातंय."

तो उठला. खांबाकडे एकदा बघितलं, पट्टीकडे एकदा.

"गाडी घेतो, सर. पाच हजार कमी करा."

"पुराचे?"

"न्हाई. पूर हाय की खांबावर, त्याचं काय न्हाई. हे पुसल्याचं."

घासाघीस झाली. ही चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही तीन हजारांवर आलो होतो. त्यानं कप उभ्याउभ्याच संपवला, बोटावरचा गाळ पँटला पुसला आणि चालवून बघायला किल्ली मागितली.